इंग्रजीत विशेषण ओळखायचं कसं: नाशिकच्या एका परीक्षार्थीला उत्तर

तुम्ही लिहिलंय की मराठी माध्यमातून बी.कॉम. झालात, नाशिकच्या एका अभ्यासिकेत बसून लोकसेवा आयोगाच्या (एमपीएससी) संयुक्त परीक्षेची तयारी करताय आणि इंग्रजीच्या आठही शब्दजातींच्या व्याख्या तोंडपाठ आहेत. तरी प्रश्नपत्रिकेत शब्दाखाली रेघ दिसली की विशेषण म्हणू की क्रियाविशेषण, असा गोंधळ उडतो. ‘ली’ने संपणारा शब्द क्रियाविशेषण, हा नियम लावला तर ‘फ्रेंडली’ने दगा दिला. ‘द बस रिटर्न्ड लेट’ या वाक्यात ‘लेट’ बसबद्दलच सांगतोय, मग तो विशेषण का नाही? आणि ‘ही इज अफ्रेड’ म्हणजे तो घाबरतो, मग ‘अफ्रेड’ क्रियापद का नाही? शेवटी तुम्ही विशेषणांची पाठ करण्यासारखी यादी मागितली आहे.

यादी मी देणार नाही. का देणार नाही ते पुढे येईलच. नाशिकमध्ये स्पर्धा परीक्षेच्या मुलामुलींना इंग्रजी व्याकरण शिकवण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत. दिंडोरी, निफाड, सिन्नरकडून येणारी, घरात आणि शाळेत मराठीच ऐकत वाढलेली मुलं याच ठिकाणी अडकतात. ती हुशार असतात, पाठांतरही उत्तम असतं. अडचण पाठांतराच्या कमतरतेची नसतेच.

अडचण व्याख्येत आहे. ‘नामाबद्दल अधिक माहिती सांगणारा शब्द म्हणजे विशेषण’ ही व्याख्या अर्थावर उभी आहे. अर्थ लावायला आपण काय करतो? मनात वाक्याचं मराठी करतो आणि मग त्या मराठी शब्दाची जात इंग्रजी शब्दाला चिकटवतो. ‘अफ्रेड’चं मराठी ‘घाबरणे’ झालं की तो क्रियापद वाटणारच. ‘स्लीप’ आणि ‘अस्लीप’ दोन्हींचं मराठी झोपण्यावरच जातं, पण इंग्रजीत पहिला शब्द क्रियापद किंवा नाम असतो आणि दुसरा विशेषण. ‘आय अ‍ॅम हंग्री’ला आपण ‘मला भूक लागली’ म्हणतो. आपल्याकडे भूक हे नाम, इंग्रजीत ‘हंग्री’ विशेषण. एकच गोष्ट सांगायला दोन भाषा वेगवेगळ्या जातीचे शब्द वापरतात, म्हणून भाषांतरावरून शब्दजात ओळखू नका.

मग ओळखायची कशावरून? इंग्रजीत बहुतांशी जागेवरून. ‘कुत्र्याने माणसाला चावले’ हे वाक्य ‘माणसाला कुत्र्याने चावले’ असं फिरवलं तरी चावणारा कुत्राच राहतो, कारण ‘ने’ आणि ‘ला’ शब्दाला चिकटलेले आहेत. ‘द डॉग बिट द मॅन’ फिरवून ‘द मॅन बिट द डॉग’ केलंत तर चावणारा माणूस झाला. विशेषणाचंही तसंच. आपण चांगला मुलगा, चांगली मुलगी, चांगल्या मुलाला म्हणतो. असं विशेषण नामाबरोबर रूप बदलतं आणि त्यावरूनच सापडतं. इंग्रजीत ‘गुड’ कायम ‘गुड’च. एक मुलगा असो, दहा मुली असोत. शब्दाच्या अंगावर खूण नाही, म्हणून तो कुठे बसलाय ते पाहावं लागतं.

थोडं आडवळण घेतो. जुन्या ग्रीक व्याकरणातही आठच शब्दजाती होत्या, पण विशेषण ही वेगळी जात नव्हती. त्याला नामासारखेच प्रत्यय लागत, म्हणून ते नामातच धरलं जाई. आपल्या पाणिनीच्या व्यवस्थेतही पद एकतर सुबन्त (नामाचे प्रत्यय लागलेलं) नाहीतर तिङन्त (क्रियापदाचे प्रत्यय लागलेलं), आणि विशेषण नामाबरोबर सुबन्तात जातं. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ साली मराठीचं व्याकरण लिहिलं ते इंग्रजी व्याकरणाच्या धर्तीवर, आणि आज आपण शाळेत शिकतो ती आठ जातींची मांडणी त्या परंपरेतून आली. सांगायचं कारण असं की या आठ पेट्या माणसांनी सोयीसाठी केलेल्या आहेत. दोन्ही भाषांत पेट्यांची नावं सारखी असली, तरी कुठला शब्द कुठल्या पेटीत जाईल हे ज्या त्या भाषेच्या चालीवर ठरतं.

इंग्रजी विशेषणाच्या मुख्य जागा दोन. पहिली नामाच्या लगेच आधी: ‘फ्रेश ग्रेप्स’. दुसरी ‘इज, आर, वॉज, वेअर’ यांच्यानंतर: ‘दीज ग्रेप्स आर फ्रेश’. शब्द दोन्ही जागी अर्थ न बदलता बसला, तर तो विशेषण असल्याची दाट शक्यता.

आता जरा बारकाईने बघू. आपल्याकडे द्राक्षाच्या खोक्यांवर इंग्रजी मजकूर असतोच. ‘फ्रेश ग्रेप्स’, ‘ब्लॅक ग्रेप्स’, ‘टेबल ग्रेप्स’ ही तीन नावं घ्या. तिन्हींत पहिला शब्द ‘ग्रेप्स’च्या आधी बसलाय आणि द्राक्षांबद्दल काहीतरी सांगतोय. व्याख्येप्रमाणे तिन्ही विशेषणं व्हायला हवीत. आता दुसरी जागा तपासा. ‘दीज ग्रेप्स आर फ्रेश’ चालतं. ‘दीज ग्रेप्स आर ब्लॅक’ चालतं. ‘दीज ग्रेप्स आर टेबल’ म्हणून बघा, कानालाच खटकतं. ‘व्हेरी फ्रेश’ म्हणता येतं, ‘व्हेरी टेबल’ म्हणता येत नाही. म्हणजे ‘टेबल’ इथेही नामच आहे, फक्त दुसऱ्या नामाच्या आधी बसून ते द्राक्षं कशासाठी आहेत हे सांगतंय: ताटात घेऊन खायची, वाइनसाठी नव्हेत. इंग्रजीत नामामागे नाम लावून अशी आगगाडी करता येते. ‘करन्सी नोट प्रेस’मध्ये तीन नामं आहेत. ‘नाशिक रोड रेल्वे स्टेशन’मध्ये चार, आणि एकही विशेषण नाही. लासलगावचं ‘ओनियन मार्केट’ घ्या, ‘द मार्केट इज ओनियन’ असं कुणी म्हणणार नाही.

जुन्या पद्धतीची काही पुस्तकं मात्र अशा ‘टेबल’ला ‘विशेषणासारखं वापरलेलं नाम’ म्हणतात आणि काही उत्तरतालिका त्याला सरळ विशेषण म्हणून मोकळ्या होतात. तिथे काय करायचं, ते पुढे सांगतो.

दोन्ही जागांची कसोटी चांगली असली तरी सगळी विशेषणं दोन्ही जागी बसत नाहीत. ‘मेन’ आणि ‘फॉर्मर’ फक्त नामाआधी येतात: ‘द मेन रोड’ म्हणता येतं, ‘द रोड इज मेन’ नाही. उलट ‘अफ्रेड, अस्लीप, अलाइव्ह, अलोन, अवेक’ हा ‘अ’ने सुरू होणारा गट नुसता नामाआधी बसत नाही, ‘इज’नंतर बसतो. ‘अ‍ॅन अफ्रेड बॉय’ चालत नाही, तिथे ‘अ फ्रायटन्ड बॉय’ लागतं. तुमच्या ‘ही इज अफ्रेड’चा खुलासा इथेच होतो. ‘अफ्रेड’ क्रियापद असता तर त्याची काळाप्रमाणे रूपं झाली असती. ‘ही अफ्रेड्स’ नाही, ‘ही अफ्रेडेड’ नाही. काळ बदलायचा झाला की ‘इज’चं ‘वॉज’ होतं, ‘अफ्रेड’ जागचा हलत नाही. काळ ज्याच्या अंगावर दिसतो ते क्रियापद. शिवाय ‘व्हेरी अफ्रेड’ म्हणता येतं, ‘मोअर अफ्रेड’ म्हणता येतं. ही सगळी विशेषणाची लक्षणं.

‘लेट’ तर एकटाच धडा आहे. ‘द लेट कुसुमाग्रज’ म्हणजे दिवंगत कुसुमाग्रज. हा अर्थ फक्त नामाआधीच्या जागेत मिळतो. ‘द पोएट इज लेट’ म्हटलंत की कवी कार्यक्रमाला उशिरा येतोय, एवढाच अर्थ. दोन्हीकडे विशेषणच, पण जागेने अर्थ पालटला. आणि ‘द बस रिटर्न्ड लेट’मध्ये तोच शब्द क्रियाविशेषण आहे.

का, ते पाहू. तुमचा आक्षेप रास्त आहे: उशीर बसलाच झालाय ना! इथे मी अदलाबदल करून बघायला सांगतो. ज्याची जात पक्की माहीत आहे असा शब्द त्या जागी ठेवा. ‘द बस रिटर्न्ड क्विकली’, ‘द बस रिटर्न्ड यस्टरडे’. परतण्याची क्रिया कशी झाली, कधी झाली, याचं उत्तर या जागेतून मिळतंय. ‘लेट’ही ‘केव्हा परतली’ याचंच उत्तर देतो, म्हणून क्रियाविशेषण. आता ‘द बस रिटर्न्ड एम्प्टी’ घ्या. वाक्य दिसायला हुबेहूब तसंच. पण ‘एम्प्टी’ हे ‘केव्हा’चं उत्तर नाही, परतण्याच्या रीतीचंही नाही. परतली तेव्हा बस रिकामी होती. परतणं रिकामं नव्हतं. इथे ‘एम्प्टी’ विशेषण आहे, नामापासून लांब, क्रियापदानंतर बसलेलं. म्हणजे जागा पाहिल्यावर शेवटचा निवाडा अर्थाला विचारूनच करावा लागतो, फक्त तो विचारायचा इंग्रजी वाक्याला, त्याच्या मराठी भाषांतराला नाही.

क्रियाविशेषणात मराठी माणूस घसरतो त्याला आणखी एक कारण आहे. आपण ‘ती छान मुलगी आहे’ म्हणतो आणि ‘ती छान गाते’ही म्हणतो. शब्द एकच. ‘तो चांगला खेळतो, ती चांगली खेळते, ते चांगले खेळतात’ इथे तर खेळण्याची रीत सांगणारा शब्दसुद्धा कर्त्याप्रमाणे रूप बदलतो, थेट विशेषणासारखा. आपल्या कानाला हा फरक जाणवायची गरजच पडलेली नसते. मग ‘शी सिंग्ज गुड’ असं लिहिलं जातं. प्रमाण इंग्रजीत तिथे ‘वेल’ लागतं, कारण गाणं कसं ते सांगायचंय. पेपरात ‘गुड’ किंवा ‘वेल’ दिसला की थांबून त्याच्या आधीचं क्रियापद बघा.

‘ली’चा नियम सरसकट वापरू नका. ‘स्लोली, क्लिअरली, हॅपिली’ यांच्यात विशेषणाला ‘ली’ लागून क्रियाविशेषण झालंय. पण ‘फ्रेंडली, लव्हली, कॉस्टली, कॉवर्डली’ यांच्यात ‘ली’ नामाला लागलाय. फ्रेंड, लव्ह, कॉस्ट, कॉवर्ड. नामाला ‘ली’ लागला की बहुधा विशेषण होतं, विशेषणाला लागला की बहुधा क्रियाविशेषण. ‘ली’ काढून उरलेला भाग बघायची सवय लावा. ‘डेली’ दोन्हीकडे चालतो: ‘अ डेली न्यूजपेपर’मध्ये विशेषण, ‘ही कम्स डेली’मध्ये क्रियाविशेषण. ‘फास्ट, हार्ड, अर्ली’ हेही रूप न बदलता दोन्ही कामं करतात. आणि ‘हार्डली’ म्हणजे ‘हार्ड’चं क्रियाविशेषण समजू नका. ‘ही वर्क्स हार्ड’ म्हणजे तो खूप राबतो, ‘ही हार्डली वर्क्स’ म्हणजे तो जवळजवळ कामच करत नाही.

क्रियापदानंतर आलेला शब्द क्रियाविशेषणच, अशीही गाठ मनात असते. ‘धिस मिसळ टेस्ट्स गुड’ या वाक्यात ‘गुड’ विशेषण आहे, कारण मिसळ चव घेण्याचं काम करत नाहीये, ती चवीला चांगली आहे. ‘टेस्ट, स्मेल, लुक, फील, साउंड, सीम, बिकम’ आणि कधीकधी ‘टर्न, गो, ग्रो’ हे नुसते जोडण्याचं काम करतात. ओळखायची युक्ती सोपी: क्रियापद काढून ‘इज’ किंवा ‘वॉज’ ठेवा. ‘धिस मिसळ इज गुड’ जमतं, म्हणून पुढे विशेषण. ‘ही लुक्ड अँग्री’मध्ये ‘ही वॉज अँग्री’ जमतं, म्हणून विशेषण. ‘ही लुक्ड अँग्रिली अ‍ॅट मी’मध्ये तो खरोखर बघतोय, रागाने बघतोय, म्हणून क्रियाविशेषण. परीक्षकांना ही जोडी फार आवडते.

‘व्हेरी’च्या कसोटीबद्दल पटकन सांगतो. ‘व्हेरी’ विशेषणांपासून नाम आणि क्रियापद वेगळी काढायला उपयोगी, पण विशेषण आणि क्रियाविशेषण यांच्यात निवाडा करत नाही, कारण ‘व्हेरी स्लो’ आणि ‘व्हेरी स्लोली’ दोन्ही चालतात. शिवाय ‘डेड’, ‘अ‍ॅन्युअल’, ‘वुडन’ यांना ‘व्हेरी’ एरवी लागत नाही, तरी ती विशेषणंच.

‘इंग’ आणि ‘एड’ लागलेले शब्द मात्र वेळ देऊन शिका, तिथे गुण जातात. ‘द लेक्चर वॉज बोअरिंग’ आणि ‘दे वेअर बोअरिंग अ वेल’ ही वाक्यं शेजारी ठेवा. दुसऱ्यात माणसं विहिरीसाठी बोअर घेताहेत. नंतर ‘अ वेल’ हे कर्म आलंय, ‘व्हेरी’ मध्ये घालता येत नाही, म्हणून क्रियापद. पहिल्यात कर्म नाही, ‘व्हेरी बोअरिंग’ सहज बसतं, म्हणून विशेषण. मुलं वर्गात ‘सर, आय अ‍ॅम बोअरिंग’ म्हणतात तेव्हा ती नकळत स्वतःलाच कंटाळवाणी ठरवतात. कंटाळा देणारा तो ‘बोअरिंग’, ज्याला कंटाळा आला तो ‘बोअर्ड’. ‘एड’चंही तसंच: ‘द ग्रेप्स वेअर ड्राइड बाय द फार्मर’ यात ‘बाय’ आलाय, सुकवण्याची क्रिया घडलीय, म्हणून क्रियापद. ‘ड्राइड ग्रेप्स’मध्ये विशेषण. आणि ‘अ स्लीपिंग चाइल्ड’मध्ये मूल झोपलेलं असतं, पण ‘अ स्लीपिंग बॅग’मध्ये पिशवी झोपत नाही, ती झोपण्यासाठी असते. पहिलं विशेषण, दुसरं नामाच्या कामाचं, म्हणजे जेरंड.

इतर जातींमध्येही हीच दृष्टी ठेवा. ‘ही केम इन’मधला ‘इन’ क्रियाविशेषण, कारण त्यानंतर नाम नाही. ‘ही इज इन द रूम’मध्ये तोच शब्द शब्दयोगी अव्यय, कारण ‘द रूम’ त्याला बांधलं गेलंय. ‘सिन्स मॉर्निंग’मध्ये ‘सिन्स’च्या नंतर नुसतं नाम, म्हणून शब्दयोगी, ‘सिन्स ही लेफ्ट’मध्ये नंतर कर्ता-क्रियापदासह अख्खं वाक्य, म्हणून उभयान्वयी. ‘बिफोर’ आणि ‘आफ्टर’ यांनाही हेच लावा. ‘दॅट’ तर परीक्षकांचा लाडका. ‘दॅट बॉय’मध्ये तो नामाला दाखवतो, ‘दॅट इज माय हाउस’मध्ये सर्वनाम, ‘आय नो दॅट ही इज हिअर’मध्ये उभयान्वयी, ‘द बुक दॅट आय बॉट’मध्ये संबंधी सर्वनाम.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते सांगतो, कारण इथे मी एकच उत्तर ठामपणे देऊ शकत नाही. ‘दॅट बॉय’मधला ‘दॅट’, ‘माय बुक’मधला ‘माय’, ‘सम वॉटर’मधला ‘सम’ यांना आपली शालेय परंपरा विशेषण म्हणते: दर्शक, स्वामित्वदर्शक, परिमाणवाचक. आजचं भाषाशास्त्र यांना डिटर्मायनर ही वेगळी जात देतं, कारण ‘व्हेरी माय’ होत नाही, ‘द बुक इज माय’ होत नाही आणि ‘द माय बुक’ही होत नाही. ‘द रिच शुड हेल्प द पुअर’मध्ये जुनी परंपरा ‘पुअर’ला नाम म्हणते. नव्या मताने ते विशेषणच राहतं, कारण ‘द व्हेरी पुअर’ म्हणता येतं आणि अनेकवचनाचा ‘एस’ लागत नाही. मला स्वतःला नवं मत पटतं. तुम्हाला मात्र पेपर सोडवायचाय. म्हणून आधी पर्याय वाचा. चारात डिटर्मायनर असेल तर तो निवडा. नसेल तर परीक्षक जुन्या परंपरेत आहे, ‘माय’ला विशेषण म्हणा आणि पुढे जा. ‘टेबल ग्रेप्स’सारख्या शब्दालाही हेच लागू. पर्यायात नाम आणि विशेषण दोन्ही असतील, तर तुमच्या परीक्षेच्या मागच्या अंतिम उत्तरतालिका काय धरतात ते पाहून ठेवलेलं असावं. आयोग आधी पहिली उत्तरतालिका देतो, हरकती घेतो आणि मग अंतिम. सराव अंतिमवरूनच करा.

पेपरात क्रम असा ठेवा. रेघ मारलेला शब्द सोडून आधी वाक्याचं मुख्य क्रियापद शोधा, म्हणजे ज्याच्या अंगावर काळ आहे तो शब्द. मग रेघेच्या शब्दाच्या लगेच पुढे नाम आहे का बघा. नसेल तर आधी ‘इज’ किंवा ‘इज’सारखं जोडणारं क्रियापद आहे का बघा. दोन्ही नसेल तर तो क्रिया कशी, कुठे, केव्हा झाली ते सांगतोय का विचारा. शंका उरली तर पक्क्या जातीचा शब्द त्या जागी ठेवून वाक्य मनात म्हणा. सवय झाल्यावर याला फार वेळ लागत नाही.

यादी का नको, हे आता लक्षात आलं असेल. ‘फास्ट’ यादीत विशेषण म्हणून पाठ केलात तर ‘ही रन्स फास्ट’ला चुकाल आणि ‘शी केप्ट अ फास्ट’ला पुन्हा चुकाल, कारण तिथे तो उपवास आहे. त्यापेक्षा अभ्यासिकेत येणाऱ्या इंग्रजी पेपरातला एक छोटा परिच्छेद रोज वहीत उतरवा. प्रत्येक शब्दाखाली जात लिहा आणि शेजारी दोन-तीन शब्दांत कारण लिहा: ‘पुढे नाम’, ‘इजनंतर’, ‘केव्हाचं उत्तर’. नुसती जात लिहू नका. कारण लिहिता आलं नाही तिथे खूण करून ठेवा. मग शनिवारी-रविवारी फक्त खुणेचे शब्द घेऊन बसा. शब्दकोशात त्या शब्दाच्या सगळ्या जाती उदाहरणांसह दिलेल्या असतात, त्यातलं तुमच्या वाक्यासारखं उदाहरण शोधा. तरीही एखादं वाक्य सुटलं नाही तर ते अख्खं इथे लिहा, नुसता शब्द लिहू नका.